सक्तीचं आणि मोफत

१९९३ च्या जानेवारीत सायकलवरून पडल्यापासून आमच्या अण्णांना वास येत नाही.

हे आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी. डोक्याचे टाके निघाले होते, हिंडणं-फिरणं सुरू झालं होतं, घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला होता. आई गोठ्यात होती, स्टोव्हवर दूध ठेवलेलं आणि शेजारी भिंतीला टेकून अण्णा बसलेले. मी शाळेतून आले तर दारातच करपलेल्या दुधाचा भपकारा नाकात गेला. दूध उतू जाऊन, आटून पातेल्याच्या बुडाला काळं धरलं होतं. अण्णा मात्र तिथंच, हातभर अंतरावर, अंगणाकडे बघत. आई धावत आली, म्हणाली, "म्होरं बसूनबी कळलं न्हाई व्हय तुम्हाला?" अण्णा म्हणाले, "डोळा लागला असंल." डोळा लागला नव्हता. मी बघितलं होतं.

मग चार-आठ दिवसांनी, दिवेलागणीनंतर अंगणात बसले असताना त्यांनी मला विचारलं, "यंदा गुऱ्हाळं लागली न्हाईत व्हय गं?"

कोल्हापूरजवळच्या आमच्या गावात जानेवारीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. काहिलीत रस उकळायला लागला की त्याचा वास अख्ख्या गावावर पसरतो. पांघरुणाला, वाळत घातलेल्या कपड्यांना, भाकरीलासुद्धा तो लागतो. त्या संध्याकाळी तर मळ्याकडून वारा थेट आमच्या अंगणात येत होता. मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. अण्णांना उत्तर कुणीच दिलं नाही, आणि त्या गप्प बसण्यातूनच त्यांना कळलं असावं.

पुढे डॉक्टरांनी समजावून सांगितलं. नाकाच्या वरच्या बाजूला, मेंदूच्या खाली चाळणीसारखं एक पातळ हाड असतं. वासाच्या बारीक नसा त्या भोकांतून वर जातात. डोकं मागून आपटलं की मेंदू कवटीच्या आत हिसका खाऊन सरकतो आणि त्या नसा तुटतात. कवटीला बाहेरून फार काही झालेलं नसलं तरी हे होऊ शकतं. कुणाच्या नसा काही महिन्यांत जुळून येतात, कुणाच्या कधीच येत नाहीत. अण्णांच्या आल्या नाहीत.

अण्णा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. दुसरी पाळी रात्री बाराला सुटायची. तिथून रंकाळ्याच्या कडेनं फुलेवाडी आणि फुलेवाडी सुटली की अंधार. भोगावतीवरचा बालिंग्याचा दगडी पूल ओलांडला की घर. हा रस्ता पुढं कळ्यावरून गगनबावड्याला जातो आणि ऊस तोडणीच्या हंगामात त्याच्यावर रात्रंदिवस ट्रॅक्टर असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला ऊस, वर मोठ्यानं लावलेला टेप, आणि मागं दिवा नाही, रेडियम नाही. अण्णांच्या सायकलला डायनॅमो होता. ज्यांनी डायनॅमोवर सायकल चालवली आहे त्यांना ठाऊक असेल, त्याचा उजेड चाकाच्या वेगावर. पायडल जोरात मारलं तर दिवा लख्ख. खड्डा दिसला, वाहन आलं, जरा सावकाश घेतलं, की नेमका तेव्हाच तो मिणमिणतो. जिथं दिसण्याची सगळ्यात जास्त गरज, तिथंच अंधार.

त्या रात्री मागून ट्रॉली आली. ऊस अंगाला घासेल म्हणून अण्णांनी सायकल डांबराच्या खाली घेतली. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात वीतभराची खोली होती. चाक घसरलं, अण्णा उताणे पडले आणि डोक्याची मागची बाजू डांबराच्या धारेवर आपटली. ट्रॉलीचा त्यांना स्पर्शही झाला नाही. तिच्या ड्रायव्हरला बहुधा आजही माहीत नसेल की असं काही घडलं. पहाटे दूध घेऊन निघालेल्या गावातल्याच एका गवळ्याला ते दिसले. त्यानं किटल्या रस्त्याकडेला ठेवल्या आणि मागून आलेला टेम्पो हात करून थांबवला. कागदावर नोंद झाली ती अशी: सायकलवरून तोल जाऊन पडले.

तोल जाऊन. हे दोन शब्द माझ्या मनातून आजवर गेलेले नाहीत.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते आणि रोज गावाहून कोल्हापुरात सायकलनंच येते. हेल्मेट घालते. रोज, न चुकता, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं असलं तरी. सायकलवाल्यांना हेल्मेटची सक्ती करावी का, हा विषय आमच्या स्टाफरूममध्ये निघाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, मी पहिला हात वर करणार. मी केला नाही. तेव्हापासून 'तुझ्याच घरात हे घडलंय आणि तूच नको म्हणतेस?' हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारला. त्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आधी हेल्मेटच्या बाजूनं जे आहे ते सांगते, कारण ते खरं आहे आणि त्याविषयी माझ्या मनात काडीचीही शंका नाही.

सायकलवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटरवर असतं. दीड मीटरवरून खाली येणारी वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर झालेला असतो. हे गणित मी दरवर्षी फळ्यावर करून दाखवते आणि मुलं दरवर्षी चकित होतात, कारण यात सायकलचा वेग कुठंच आलेला नाही. सायकल जागेवर उभी असताना नुसता तोल गेला तरी डोकं एवढ्या वेगानं रस्त्यावर आदळू शकतं. युरोपातल्या मानकानुसार सायकलच्या हेल्मेटची चाचणी घेतात ती जवळपास याच वेगाला: धातूचं डोकं हेल्मेटमध्ये बसवून सेकंदाला ५.४२ मीटर वेगानं सपाट ऐरणीवर सोडतात, आणि आतल्या डोक्याला बसणारा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या आत राहिला तरच हेल्मेट पास. आत असतं ते थर्माकोल, टीव्हीच्या खोक्यात येतं त्याच जातीचं, फक्त जास्त घट्ट. ते चेपतं आणि स्वतः चेपत असताना डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ देतं. हा वेळ सेकंदाच्या काही हजाराव्या भागाएवढाच. पण मेंदूनं कवटीवर आपटायचं की नाही, हे तेवढ्यात ठरतं.

तीन वर्षांपूर्वी जुलैत रंकाळ्याच्या कडेला शेवाळावरून माझं पुढचं चाक सरकलं. वेग काहीच नव्हता. कोपर सोललं, गुडघ्याला लागलं, आणि डोकं कट्ट्याच्या कडेवर आपटल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. उठून बसले, आजूबाजूच्या लोकांनी पाणी दिलं, घरी आले. हेल्मेट काढून बघितलं तर बाहेरचं प्लॅस्टिक जवळपास जसंच्या तसं, नुसता ओरखडा. आत मात्र उजव्या कानामागून वरपर्यंत एक भेग गेली होती, केसासारखी बारीक. मी ते अण्णांच्या हातात दिलं. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. एका सुताची चूक त्यांच्या बोटाला कळते. त्यांनी भेगेवरून नखाची कड हळूहळू फिरवत नेली, टोकाला थांबले, परत मागे आणली. मग म्हणाले, "ही तुझ्या डोक्यात गेली असती." एवढंच. हेल्मेट एकदाच कामाला येतं, मार खाल्लेलं पुन्हा वापरायचं नसतं. पण ते टाकून द्यायला अण्णांनी मला हात लावू दिला नाही. त्यांच्या खोलीत खुंटीला आहे अजून.

जगभरचे अभ्यासही हेच सांगतात. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या संशोधकांनी हेल्मेटमुळे डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो असं मांडलं. तो आकडा फार मोठा आहे अशी टीका झाली. २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी चाळीस अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वारांची माहिती होती. त्यांच्या हिशेबानं डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी घटते. ६९ घ्या की ८५ घ्या, माझ्या लेखी दोन्ही आकडे म्हणजे गुऱ्हाळाचा वास.

मग सक्तीला माझा हात वर का जात नाही?

कारण हेल्मेट पडण्यासाठी आहे, धडकेसाठी नाही. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, हेही मी त्याच फळ्यावर शिकवते. ताशी साठनं आलेल्या गाडीपुढे थर्माकोलच्या त्या दोन-तीन सेंटिमीटर जाडीला काय अर्थ उरतो, हे कुठलाही मुलगा काढून दाखवेल. आणि आपल्याकडे सायकलवाला भितो तो कशाला? मागून येणाऱ्याला.

आपल्या मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम हेल्मेटचं आहे. ते मोटारसायकलसाठी आहे. सायकलला इंजिन नाही म्हणून ती त्या कायद्यात मोटार वाहनच नाही. मोटारसायकलवर हेल्मेट नसेल तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स रद्द, असं २०१९ च्या दुरुस्तीनं ठरवलं. हा नियम मला मान्य आहे. ताशी साठ-सत्तरनं जाणाऱ्या माणसाला आपण लायसन्स देतो, म्हणजे त्याच्याशी एक करारच करतो. सायकलवाल्याशी समाजानं कुठला करार केला आहे? त्याला ना लेन दिली, ना धड साइडपट्टी, ना रात्री दिवा. आणि सुरुवात करायची ती दंडाच्या पावतीनं?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १ जुलै १९९० ला सायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. जगात पहिल्यांदाच. हेल्मेट घालणारे एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ७५ टक्क्यांवर गेले. डोक्याच्या दुखापती घटल्या, हे खरं. पण रस्त्यावरच्या मोजणीत सायकल चालवणारी पोरंसुद्धा कमी झालेली दिसली, आणि दुखापतींमधली घट कशामुळे किती, हा वाद तिथं तीस वर्षं चालू आहे. इस्रायलनं सक्ती केली आणि २०११ मध्ये शहरातल्या प्रौढांसाठी ती मागे घेतली. उलट नेदरलँड्समध्ये माणसांपेक्षा सायकली जास्त आणि हेल्मेट घालणारे थोडे. म्हणून हेल्मेट नको असं म्हणणाऱ्यांना मला तिथला इतिहास सांगावासा वाटतो. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर ३,००० हून जास्त माणसं मेली, त्यात ४०० हून अधिक लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, 'मुलांची हत्या थांबवा' असंच त्या आंदोलनाचं नाव होतं. त्यांनी मुलांच्या डोक्यावर काही ठेवा असं मागितलं नाही. त्यांनी रस्ता मागितला. आणि मिळवला. टोलनाके उठवायला लावणाऱ्या आपल्या कोल्हापूरला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये.

(हेल्मेटच्या शास्त्राच्या मुळाशीही दोन सायकलवाली पोरं आहेत. १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांना वाचवायला म्हणून लॉरेन्स या प्रसिद्ध लष्करी अधिकाऱ्यानं मोटारसायकल वळवली आणि तो पडला. सहा दिवसांनी गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. मोटारसायकलवरच्या सैनिकांच्या डोक्याच्या इजांचा त्यांनी पुढं जो अभ्यास केला, त्यातून हेल्मेटची गरज सिद्ध झाली. मुलांना वर्गात हे सांगते तेव्हा वर्ग अगदी शांत होतो.)

माझी खरी भीती त्या कागदाची आहे. १९९३ मध्ये हेल्मेटची सक्ती असती तर 'तोल जाऊन पडले' याच्या पुढं अजून एक ओळ आली असती: 'हेल्मेट घातलेलं नव्हतं'. आणि मग विषयच मिटला असता. ट्रॉलीला मागं दिवा का नव्हता, साइडपट्टी वीतभर खोल का होती, रात्री बाराला सुटणाऱ्या शेकडो कामगारांच्या वाटेवर फुलेवाडीच्या पुढं एकही खांब का नव्हता, यातलं काही विचारायचं कारणच उरलं नसतं. मोटारसायकलवाल्यांच्या भरपाईच्या दाव्यांत हा मुद्दा काढतातच, हेल्मेट नव्हतं म्हणजे थोडी चूक तुमचीही. जो सगळ्यात दुबळा, त्याच्याच पदरात चूक बांधायची ही फार सोपी सोय आहे. अण्णांना मी एकदा विचारलं होतं, तेव्हा हेल्मेट मिळत असतं तर घातलं असतं का? ते म्हणाले, "घातलं असतं की. पर पट्टी भरून घेतली असती तर पडलोच नसतो."

आपल्या कोल्हापुरात सक्ती हा शब्द वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण सक्ती म्हटली की लगेच कृती समिती उभी करायची आपल्याला सवय आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. तेव्हाचा रुपया म्हणजे मजुराची काही दिवसांची कमाई. पण आपण शाळेत ते वाक्य पाठ केलं ते कसं? 'सक्तीचे आणि मोफत'. दोन्ही शब्द एकत्र. महाराजांनी नुसता दंड लावला नाही, खजिना उघडला, शाळा काढल्या, मास्तर नेमले. आधी दरबारानं आपल्या अंगावर घेतलं, मग रयतेला म्हटलं, आता तुझी पाळी. मला सक्ती चालेल ती अशी चालेल. पुलावर दिवे लावा, साइडपट्ट्या भरा, एकही ट्रॉली रेडियमशिवाय कारखान्याच्या काट्यावर घेऊ नका, रेशन दुकानात मिळावं तसं हेल्मेट हातात द्या, आणि मग करा दंड. पहिल्या पावतीच्या समर्थनाला मी स्वतः उभी राहीन.

शाळकरी मुलांचं मात्र वेगळं. माझ्या मुलाला हेल्मेटशिवाय सायकलची किल्ली मिळत नाही, आणि तो रुसला तरी मी बधत नाही. मुलाचा निर्णय आईबापानं घ्यायचा असतो. रविवारी गगनबावड्याकडे जाणारे सायकलचे ग्रुप असतात, तिथंही हेल्मेट नसेल तर बरोबर घेत नाहीत, ते योग्यच आहे. त्यांच्या सायकलला दिवा पुढं-मागं, अंगात चमकणारं जाकीट. त्याच रस्त्यानं त्याच वेळी उलट्या दिशेनं गवळी येत असतात. काळी जुनी सायकल, कॅरिअरला दोन्हीकडे किटल्या, डोक्याला कानटोपी आणि वर पटका. दोघांनाही अंतर तेवढंच कापायचं असतं, आणि दोघांच्याही मागं तीच ट्रॉली असते.

गेल्या डिसेंबरात सकाळी सव्वासहाला पुलाअलीकडे मी आमच्या गावच्या एका मामांना गाठलं. वयानं साठीच्या पुढचे, रोज गंगावेशीला दूध घेऊन येतात. नदीवर धुकं होतं, हात गारठलेले. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला हेल्मेट आणून देऊ का? माझ्याकडनं."

त्यांनी माझ्या डोक्याकडे बघितलं. खरोखर विचार केला. "ते घातल्यावर कानटोपी कुठं घालू पोरी? आन् दुधाचं वझं उतरताना वाकाय लागतंय, ते फुडं येतंय का?"

"येत नाही. पट्टा असतो."

"मग दे की. बसलं तर घालतो." थोडं पुढं गेल्यावर पायडल थांबवून म्हणाले, "पर मागनं येणाऱ्याला मी दिसाय पायजे बघ. ते काय तरी कर."

त्यांच्या मागच्या किटलीवर अण्णांनी चिकटवलेली रेडियमची लाल पट्टी होती. गेली काही वर्षं अण्णा हे काम करतात. दिवाळी झाली की रेडियमचा रोल आणतात, बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापतात आणि दूध संस्थेच्या दारात सकाळी बसून येईल त्याच्या किटलीला, मडगार्डला लावून देतात. ट्रॉलीवाले चहाला थांबले तर त्यांच्याही फळीला. वय अठ्ठ्याहत्तर, हात अजून थरथरत नाही. मामांची पट्टी धुऊन धुऊन निम्मी निघाली होती.

मागून ट्रॅक्टरचा आवाज यायला लागला होता. पूल अरुंद, कडेला उतरायला जागा नाही. मी वेग कमी केला, त्यांना पुढं जाऊ दिलं, माझ्या सीटखालचा लाल दिवा लुकलुकता केला, आणि पूल संपेपर्यंत त्यांच्या मागेच राहिले.